मिश्र थव्यासाठी दुर्बीण: ८×४२ पुरते का?

आधी निकाल, मग कारणं. झाडीतून सरकणारे मिश्र थवे बघायचे असतील तर ८×४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटरच्या पुढच्या भिंगाची, सरळ नळ्यांची रूफ प्रिझम दुर्बीण घ्या. तिचं दृश्यक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारी रुंदी, १००० मीटरवर १३५ मीटरच्या खाली नको, दोन मीटरवरची वस्तू तिच्यातून स्वच्छ दिसायला हवी आणि फोकसचं चाक एका बोटाने, न अडखळता फिरायला हवं. १०×४२ पाणथळीवर किंवा माळरानावर उत्तम चालते, या कामाला नको. ८×३२ जवळपास तोडीची आहे, फक्त पहाटे आणि दाट सावलीत मागे पडते.

हा आढावा कुठल्याही एका कंपनीच्या मॉडेलचा नाही, ८×४२ या घडणीचा आहे. बाकी सगळं पक्षीनिरीक्षण बाजूला ठेवून ती एकाच कसोटीवर घासून पाहिली आहे: वेगवेगळ्या जातींचे वीस-तीस छोटे पक्षी एकत्र चरत पुढे जात असताना कोण कुठे टिपतंय, कोण कोणाच्या मागे आहे आणि कोणाच्या हाकेवर कोण थांबतंय, हे या दुर्बिणीतून कळतं का? पक्षी ओळखण्यापुरती दुर्बीण वेगळी आणि पक्ष्यांचं वागणं बघायची दुर्बीण वेगळी. ओळख पटायला एक सेकंद लागतो, वागणं बघायला सलग वीस सेकंद लागतात. खरेदीच्या वेळी हा फरक लक्षात घेतला जात नाही आणि मग महागडं यंत्र गळ्यात असूनही थवा डोळ्यांदेखत निसटतो.

मिश्र थवा म्हणजे काय, हे नीट ठरवून घेतलं की दुर्बिणीकडून काय हवं तेही आपोआप ठरतं. फळांनी लगडलेल्या झाडावर दहा जाती एकत्र दिसल्या तर तो थवा नव्हे, ती गर्दी. झाडावरची फळं संपली की ती पांगते. मिश्र थव्यातले पक्षी एकमेकांना धरून, एकाच दिशेने सरकतात. निदान पाच मिनिटं सोबत पुढे जाताना दिसले तरच थवा म्हणून नोंद करावी, हा नियम सोपा आहे आणि पुष्कळ चुकीच्या नोंदी वाचवतो. समशीतोष्ण प्रदेशात असे थवे मुख्यतः विणीचा हंगाम संपल्यावर आणि हिवाळ्यात जमतात, उष्ण प्रदेशातल्या जंगलांत वर्षभर दिसतात. ॲमेझॉनच्या जंगलातल्या अशा थव्यांचं वर्णन हेन्री वॉल्टर बेट्सने १८६३ मध्येच केलं होतं. ओसाड वाटणारं रान अचानक पक्ष्यांनी भरतं आणि काही मिनिटांत पुन्हा रिकामं होतं, हे तेव्हापासून प्रत्येक निरीक्षकाला चक्रावत आलं आहे.

थव्यात प्रत्येकाची जागा ठरलेली असते. काही जाती केंद्रस्थानी असतात. त्या बहुधा स्वतःच्या जातीचे अनेक पक्षी घेऊन फिरतात, सतत बोलत असतात आणि बाकीचे त्यांच्या आवाजाच्या मागे जातात. सातभाईंच्या कुळातले पक्षी, चष्मेवाले, उत्तरेकडच्या जंगलात चिकडी (उत्तर अमेरिकेतला वल्गुलीसारखा चिमुकला पक्षी) आणि वल्गुलीचे भाऊबंद ही कामं करतात. दुसरे अनुयायी: शिलींध्री, सुतार, नाचण, वटवटे, एकटेदुकटे किंवा जोडीने येणारे. तिसरे पहारेकरी, म्हणजे उघड्या फांदीवर बसून हवेतले किडे पकडणारे कोतवालासारखे पक्षी. त्यांची नजर वरच असते, म्हणून शिकारी पक्षी त्यांना आधी दिसतो. श्रीलंकेच्या सिंहराजा जंगलातले थवे याचं चांगलं उदाहरण आहे. तिथे नारिंगी चोचीचे सातभाई थवा पुढे नेतात आणि भृंगराज, म्हणजे पल्लवपुच्छ कोतवाल, सोबत असतो. सातभाई धोक्याची हाक लवकर आणि वारंवार देतात, पण त्यात खोट्या हाका बऱ्याच असतात. भृंगराज कमी वेळा ओरडतो आणि ओरडला की बहुतेक वेळा खरोखर काहीतरी असतं. हे सगळं तिथल्या अभ्यासातून नोंदलं गेलं आहे.

आता दुर्बिणीकडे येऊ. थवा एकाच वेळी चार मजल्यांवर पसरलेला असतो: जमिनीलगतची झुडपं, मधली फळी, शेंडे आणि शेंड्यांवरची मोकळी हवा. एका पक्ष्यावर नजर ठेवून त्याचा शेजारी कोण आहे हेही दिसायला हवं. इथे दृश्यक्षेत्र निर्णायक ठरतं. माहितीपत्रकात ते अंशांत दिलं असेल तर एका अंशाला १००० मीटरवर साडेसतरा मीटर धरा. आठ अंश म्हणजे १४० मीटर. पण १००० मीटरवर कोणी थवा बघत नाही, म्हणून तोच हिशेब १५ मीटरवर आणा. आठ अंशांच्या ८×४२मधून सव्वादोन मीटरला थोडं कमी, म्हणजे २.१ मीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. सहा अंशांच्या १०×४२मधून १.६ मीटरचं. व्यासातला फरक किरकोळ वाटतो, क्षेत्रफळात मात्र तो पावणेदोन पट होतो. पहिल्या वर्तुळात चष्मेवाला आणि त्याच्या हातभर खाली चरणारा वटवट्या दोघेही मावतात. दुसऱ्यात चष्मेवाला एकटा राहतो आणि तो उडाला की तुमच्यासमोर फक्त पानं उरतात.

जास्त मोठं दिसलं की जास्त कळतं, हा समज फार घट्ट आहे. हिशेब करून बघा. चांगल्या डोळ्याला एका कलेएवढा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा करता येतो. आठपटीने मोठं केल्यावर १५ मीटरवर तो तपशील साधारण अर्धा मिलिमीटर भरतो, दहापटीने ०.४४ मिलिमीटर. हात स्थिर असेल तर ही गोष्ट झाली. प्रत्यक्षात मान वर, कोपर हवेत आणि फांदी हलती. हाताची थरथरही दहापटीने वाढलेली असते, म्हणून तेवढा फायदा तिथेच संपतो. चोचीतली पाच मिलिमीटरची अळी ८×मधून १५ मीटरवर ओळखू येते. थव्याच्या अभ्यासाला एवढं पुरतं.

खोलीचा प्रश्न याहून मोठा आहे. दुर्बिणीत एका वेळी पुढेमागे किती अंतर स्पष्ट दिसतं, ते दुर्बीण किती पट मोठं दाखवते त्या आकड्याच्या वर्गाच्या उलट प्रमाणात घटतं. आठचा वर्ग ६४, दहाचा १००. म्हणजे ८×मध्ये स्पष्ट दिसणारा पट्टा १०×च्या दीडपटीहून थोडा जास्त खोल असतो. पानांच्या पडद्याआड, फांद्यांच्या तीन थरांत पुढेमागे उड्या मारणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत हा दीडपट पट्टा म्हणजे फोकसच्या चाकाला पुन्हा पुन्हा हात न लावण्याची सवड.

चाकाला हात लावावाच लागतो, तेव्हा काय होतं तेही बघू. फोकसचा प्रवास अंतरावर नाही, अंतराच्या व्यस्तावर चालतो. दोन मीटरपासून क्षितिजापर्यंत जेवढं चाक फिरतं, त्यातला साधारण साठ टक्के भाग दोन ते पाच मीटरच्या दरम्यान खर्च होतो, पाच ते पंधरा मीटरला सुमारे पाव आणि त्यापुढच्या साऱ्या जगाला उरलेलं थोडंसं. थवा बहुतेक वेळा पाच ते पंचवीस मीटरच्या टप्प्यात असतो. म्हणून सगळा प्रवास एक ते दीड फेऱ्यांत संपवणारं चाक इथे योग्य. अडीच फेऱ्या लागणारं चाक फुलपाखरं बघायला छान, थव्यात बोट दमतं. उलट अर्ध्या फेरीत सगळं संपवणारं चाक इतकं चपळ असतं की नेमकी जागा ओलांडून पुढे जातं. घेण्यापूर्वी पाच मीटरवरची एक आणि पंधरा मीटरवरची एक अशा दोन वस्तू ठरवा आणि डोळ्यांना दुर्बीण लावून दहा वेळा एकीवरून दुसरीवर जा. दहापैकी आठ वेळा एकाच हालचालीत स्पष्ट चित्र मिळालं तर चाक चांगलं. चाक उलट फिरवताना सुरुवातीला मोकळं फिरून चित्र हललंच नाही, तर आत ढिलाई आहे. अशी दुर्बीण घेऊ नका, ढिलाई पुढे वाढतच जाते.

४२ मिलिमीटरच्या भिंगाचं कामही थव्यातच कळतं. ४२ला ८ने भागलं की ५.२५ मिलिमीटर येतात. तेवढ्या जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटर उघडी असते, तेव्हा त्यातला बराच प्रकाश वाया जातो. पण दाट छताखाली किंवा सूर्य उगवल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासात बाहुली चार-पाच मिलिमीटर उघडते आणि तिथे ८×३२चा चार मिलिमीटरचा झोत किंचित अपुरा पडतो. झोत जाड असण्याचा आणखी एक फायदा माहितीपत्रकात छापलेला नसतो: दुर्बीण झटकन उचलली आणि डोळा बरोबर मध्यावर बसला नाही, तरी चित्र काळं होत नाही. थव्यामागे तासाभरात शंभर वेळा दुर्बीण उचलली-खाली केली जाते, तेव्हा या सवलतीची किंमत कळते.

काचेचा दर्जा आकाशाकडे बघताना उघडा पडतो. पांढऱ्या आभाळासमोर शेंड्यावर नऊ ग्रॅमचा पक्षी बसलाय आणि त्याच्या कडेला जांभळी-हिरवी किनार दिसतेय, असं झालं तर पिसांचा खरा रंग ओळखणं संपलं. ईडी काच, म्हणजे रंग कमी फाकवणारी खास काच, ही किनार बरीच कमी करते. रूफ प्रिझमवर फेज कोटिंग (प्रिझममध्ये प्रकाशलहरींचा मेळ बिघडू न देणारा लेप) आहे का ते नक्की विचारा. ते नसेल तर बारीक तपशील मऊ पडतात आणि पंखावरच्या पट्ट्या पुसट दिसतात. पोरो प्रिझमच्या जुन्या, रुंद खांद्यांच्या घडणीला हे कोटिंग लागत नाही आणि कमी पैशात ती बऱ्याचदा जास्त स्वच्छ दाखवते. पण तिची बहुतेक मॉडेलं जवळच्या अंतरावर फोकस होत नाहीत आणि पावसाळी हवेत आत बाष्प धरतात. प्रिझमची काच तपासायची सोपी खूण आहे: दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे करा आणि आयपीसमधला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातला, प्रकाशाचा ठिपका बघा. तो पुरता गोल असावा. कडा कापल्यासारख्या, चौकोनाकडे झुकणाऱ्या दिसल्या तर आतली काच हलकी आहे.

आता एक पक्षी अगदी जवळून बघू, म्हणजे हे सगळं कशासाठी ते स्पष्ट होईल. सुतार घ्या, खोडाच्या सालीत चोच खुपसणारा. दर काही टोचांनंतर तो डोकं मागे घेतो, मान एका बाजूला कलवतो आणि वर बघतो. ही मान कलवणं म्हणजे पहारा. एका मिनिटात किती वेळा मान कलली ते मोजा. उत्तर अमेरिकेतल्या डाऊनी सुतारावर १९८०च्या दशकात याचा नीट अभ्यास झाला: एकटा असताना तो जास्त वेळा मान वर करतो, थव्यात असताना कमी. इतकंच काय, नुसते चिकडी आणि तिचा नातलग टिटमाउस यांचे आवाज ऐकवले तरी पहारा कमी होतो. म्हणजे तो त्यांच्या निर्धास्त बडबडीचा अर्थ लावतो, वेळ वाचवतो आणि तो वेळ खाण्यात घालवतो. मिश्र थव्याचं निम्मं गणित या एका हालचालीत आहे आणि ती मोजायला वीस मीटरवर स्थिर, रुंद चित्र लागतं. चोचीचं टोक फार मोठं दिसण्याची काही गरज नाही.

दुसरं निम्मं गणित अन्नाचं. पानावरून किडे टिपणारे पक्षी फांद्या हलवतात, किडे उडतात आणि वर बसलेला कोतवाल ते हवेत झेलतो. त्याला विनाकष्ट हाकारे मिळाले, बाकीच्यांना पहारेकरी मिळाला. पण हा पहारेकरी चोरही असतो. ॲमेझॉनमधल्या अशा पहारेकरी जाती कधीकधी खोटी हाक देतात आणि बाकीचे दचकतात तेवढ्या क्षणात किडा पळवतात, हे १९८६ मध्ये चार्ल्स मन यांनी मांडलं. आफ्रिकेच्या कलाहारीतला दुभंग शेपटीचा कोतवाल तर दुसऱ्या जातींच्या धोक्याच्या हाकांची नक्कल करतो आणि एकाच हाकेला समोरचे सरावले की दुसरी वापरतो. दुर्बिणीतून हे बघायचं असेल तर कोतवालावर दुर्बीण लावून ठेवू नका. ती खाली चरणाऱ्यांवर ठेवा आणि हाक कानांनी ऐका. हाक आल्यावर खाली कोण गोठलं, कोण पानाआड गेलं आणि कोणी चोचीतलं टाकलं, हेच बघायचं असतं. इथे रुंद दृश्यक्षेत्र नसेल तर हाती काहीच लागत नाही.

हाकांबद्दल आणखी एक गोष्ट, कारण ती दुर्बिणीच्या वापरावर थेट परिणाम करते. काळ्या टोपीची चिकडी बसलेला शिकारी पाहून जी हाक देते तिच्या शेवटी ‘डी’ असा सूर असतो. शिकारी जितका चपळ आणि छोट्या पक्ष्यांना धोकादायक, तितके ‘डी’ जास्त. छोट्या पिग्मी घुबडाला मोठ्या ग्रेट हॉर्न्ड घुबडापेक्षा जास्त ‘डी’ मिळतात, कारण मोठं घुबड चिकडीसारख्या चपळ पक्ष्याच्या मागे सहसा लागत नाही. हे २००५ मध्ये प्रसिद्ध झालं. लाल छातीची शिलींध्री ही हाक चोरून ऐकते आणि त्याप्रमाणे शिकाऱ्याला घेरायला धावून येते, हे २००७ मध्ये. तात्पर्य, थव्यातली अर्धी माहिती आवाजात असते. डोळ्यांना दुर्बीण चिकटलेली असताना कान बंद होत नाहीत खरं, पण लक्ष मात्र बंद होतं. दर मिनिटाला दहा सेकंद तरी दुर्बीण छातीवर ठेवून नुसतं ऐकावं.

जुळवणीत लोक सर्वांत जास्त चुकतात. दुर्बिणीच्या दोन नळ्या दुमडून दोन वर्तुळांचं एक वर्तुळ होईपर्यंत अंतर बसवा आणि बिजागरीवरचा आकडा लक्षात ठेवा. मग उजव्या नळीवर झाकण लावून वीस मीटरवरची बारीक, ठळक वस्तू, पानाची कड किंवा पाटीवरचं अक्षर, डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर स्पष्ट करा. झाकण डावीकडे लावा आणि मधल्या चाकाला हात न लावता फक्त डायऑप्टरच्या, म्हणजे दोन डोळ्यांतला फरक भरून काढणाऱ्या, कड्याने तीच वस्तू उजव्या डोळ्याला स्पष्ट करा. डोळा मिचकावू नका, झाकणच लावा. मिटलेल्या डोळ्यामुळे दुसरा ताणला जातो आणि जुळवणी चुकते. कड्याला खटका नसेल तर ते पिशवीत घासून फिरतं, म्हणून दर सकाळी एकदा तपासा किंवा खूण करून ठेवा. डोकं दुखतं, डोळे जड होतात, ‘दुर्बीण मला सोसत नाही’, या तक्रारींमागे बहुतेक वेळा हे फिरलेलं कडं असतं. कडं ठीक असूनही त्रास होत असेल तर दोन नळ्या एका रेषेत नसाव्यात. आडवी तार किंवा छताची कड बघा आणि दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दूर न्या. तार तुटल्यासारखी वरखाली दिसली तर दुर्बीण दुरुस्तीला द्या. एकदा दगडावर पडलेली दुर्बीण बाहेरून धड दिसते, आतून बहुधा हललेली असते.

चष्मा असेल तर आय रिलीफ, म्हणजे आयपीसपासून डोळा ठेवायचं अंतर, १५ मिलिमीटरच्या वर, शक्यतो १७-१८ हवा आणि आयकप, म्हणजे आयपीसभोवतीची सरकती कडी, पूर्ण आत. नसेल तर आयकप पूर्ण बाहेर. आयकप मध्येच सरकून अर्धवट बसत असेल तर दृश्याच्या कडेला काळ्या सावल्या येतात. अशा सैल आयकपची दुर्बीण थव्यात फार छळते.

पट्टा छातीच्या वरच्या भागापर्यंतच ठेवा. पोटावर लोंबणारी दुर्बीण उचलताना हाताचा मोठा झोका होतो आणि जवळचे पक्षी नेमके त्यालाच दचकतात. ८×४२चं वजन साधारण ६०० ते ८५० ग्रॅम असतं. तीन तास मानेवर ते जाणवतं, म्हणून खांद्यांवर भार घेणारा हार्नेस घ्या. मात्र वर बघून मान अवघडते, त्यावर हार्नेस उपाय नव्हे. त्यावर मागे सरकणं हाच उपाय. शेंडा वीस मीटर उंच असेल तर बुंध्यापासून वीस मीटर मागे जा. मान पंचेचाळीस अंशांवर येते, अंतर अठ्ठावीस मीटर होतं आणि दृश्यवर्तुळ जवळपास चार मीटरचं मिळतं. पुढच्या भिंगांची लोंबणारी झाकणं काढून घरी ठेवा, ती काटक्यांत अडकतात.

उचलण्याची पद्धत: नजर पक्ष्यावरून हलवायची नाही, डोळे स्थिर ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणायची. फोकस आधीच दहा मीटरवर लावून ठेवला तर बहुतेक वेळा बोटभर फिरवून काम होतं. थव्याच्या मागे धावू नये. तो ज्या दिशेला सरकतोय ती दिशा दोन-तीन मिनिटांत कळते. वळसा घालून पुढे जा, झाडाला पाठ टेकून थांबा आणि थवा अंगावरून जाऊ द्या. जमिनीलगतचे पक्षी अशा वेळी तीन-चार मीटरवर येतात आणि दोन मीटरचा जवळचा फोकस इथे कामी येतो.

मोजणीसाठी तर दुर्बीण खालीच ठेवायची. पानांत शिरलेला थवा कोणालाच मोजता येत नाही. रस्ता, ओढा किंवा झाडीतली फट ओलांडताना पक्षी एकामागून एक बाहेर पडतात. तिथे उघड्या डोळ्यांनी संख्या आणि क्रम मोजा. आधी कोण ओलांडतो, शेवटी कोण, यावरून पुढारी कोण याचा अंदाज येतो आणि चार-पाच फटींवर तोच क्रम दिसला तर तो भरवशाचा. दुर्बीण फक्त अडलेल्या ओळखीपुरती वर करायची.

चरण्याची नोंद घेताना पहिला दिसलेला क्षण टिपू नका. उघड्या फांदीवरचा, हवेत झेपावणारा पक्षी आधी नजरेत भरतो, पानाखाली मान खुपसलेला भरत नाही. त्यामुळे पहिल्या क्षणाच्या नोंदी केल्या तर सगळ्या जाती उघड्यावर चरतात असं खोटंच चित्र उभं राहतं. पक्षी सापडल्यावर मनात पाच मोजा आणि त्यानंतरची पहिली टिपणी नोंदवा: जमिनीपासून उंची, पानाची वरची बाजू की खालची, डहाळी, साल की हवा, बसून टिपलं की झेप घेऊन, सर्वांत जवळचा पक्षी कोणता आणि किती अंतरावर. मग दुसऱ्या पक्ष्याकडे जा. एकाच पक्ष्याच्या लागोपाठ नोंदी म्हणजे एकच माहिती पुन्हा पुन्हा. लिहिण्यासाठी नजर खाली घालू नका. सोबत्याला सांगा किंवा आवाज रेकॉर्ड करा. अशा शंभरेक नोंदी झाल्या की जातींची वाटणी दिसू लागते. सहा ग्रॅमचा हलका पक्षी डहाळीच्या टोकाला उलटा लटकतो, अठरा ग्रॅमचा दांडगा फांदीच्या आतल्या, जाड भागावर राहतो. दांडगा टोकाला जाऊ शकत नाही, हलक्याला आत येऊ दिलं जात नाही.

इतर पर्याय थोडक्यात. स्पॉटिंग स्कोप या कामाला निरुपयोगी आहे. तिपाई लावेपर्यंत थवा गेलेला असतो. प्रतिमा स्थिर ठेवणारी दुर्बीण डोक्यावरच्या थव्याला सुंदर चालते, पण ती बऱ्याचदा जड असते आणि बॅटरीवर अवलंबून असते. लांब झूमचा कॅमेरा ओळखीचा पुरावा देतो, वागणूक देत नाही. पडद्यावरचं अरुंद चित्र हा इथे तोटाच. आणि कुठल्याही उपकरणासोबत धोक्याच्या किंवा घेरावाच्या (शिकाऱ्याला घेरायला बोलावणाऱ्या) हाका वाजवून थवा जवळ ओढू नका. पक्षी खाणं सोडून येतात आणि तुम्ही जे बघायला आलात तेच तुमच्यामुळे बदलतं.

८×४२मध्ये दोष आहेत. तीस मीटरच्या शेंड्यावरच्या पक्ष्याच्या पायातली रंगीत कडी तिच्यातून खात्रीने वाचता येत नाहीत, त्यामुळे कडी घातलेल्या पक्ष्यांमध्ये एकेकाची ओळख ठेवून अभ्यास करणाऱ्याला १०×ची गरज पडू शकते. कित्येक मॉडेलांत दृश्याची बाहेरची कड मऊ असते. थव्यात ती खपून जाते, कारण कडेला फक्त हालचाल टिपायची असते, तपशील मध्यभागी. आपल्या श्वासाने आयपीसवर बाष्प धरतं, दुर्बिणीच्या आत भरलेला नायट्रोजन आतलं बाष्प रोखतो, हे नाही. दुर्बीण छातीवर असताना आयपीसचं रबरी झाकण आडवं टाकून ठेवा आणि धरलेलं बाष्प बाहीने पुसू नका. आधी फुंकणीने धूळ उडवा, मग मऊ ब्रश, मग भिंगाचं कापड, मध्यापासून कडेकडे. दमट हवेत दुर्बीण चामडी पेटीत बंद ठेवली तर काचेवर बुरशी चढते आणि ती कोटिंग खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेल टाकून ठेवा आणि जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करा.